काहीही खा

बाई, प्रिय वगैरे लिहीत नाही. नर्सिंगच्या वर्गात कुणी निबंधाची सुरुवात अशा शब्दाने केली की तुम्ही त्याच्याखाली लाल रेघ ओढून समासात ‘पुरावा?’ असं लिहायचात. तुम्ही गेल्याचं मला इथे न्यू जर्सीत एका मैत्रिणीच्या फोनवरून कळलं, तेव्हा माझी ड्यूटी सुरू व्हायची होती आणि मी ड्यूटीवर गेले. तुम्हीही तेच केलं असतंत. त्याला इतकी वर्षं झाली की त्या दिवशी माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्यांपैकी आज कुणीच इथे नाही. मी आहे. सर्जिकल मजल्याची चार्ज नर्स, म्हणजे तुमच्या भाषेत सिस्टर इन-चार्ज. मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. आम्ही तुम्हाला काय म्हणायचो तेही तुम्हाला माहीत होतं, असा मला दाट संशय आहे.

संशय हा विषय मी तुमच्याकडूनच शिकले. बाकीच्या ट्यूटर नाडी, श्वास, ताप शिकवायच्या. तुम्ही उशी उचलायला शिकवलंत. मधुमेहाची ती बाई आठवते? पायाची जखम भरत नव्हती, लघवीत साखर येत होती आणि ती देवाची शपथ घेऊन सांगत होती की मी काही गोड खाल्लं नाही. तुम्ही सरळ तिची उशी उचललीत. खाली दोन पिकलेले पेरू होते, एक अर्धा खाल्लेला. ‘ही खोटं बोलली नाही,’ तुम्ही आम्हाला नंतर म्हणालात, ‘तिच्या मते पेरू म्हणजे गोड नव्हे. गोड म्हणजे पेढा. प्रश्न तुमचा चुकला.’ नातेवाइकांचे डबे उघडून तुम्ही वास घ्यायचात. आम्हाला त्याची लाज वाटायची. आता मी घेते, आणि माझ्या हाताखालच्या मुलींना लाज वाटते.

गेल्या पंधरवड्यात वॉर्डात एक गोष्ट घडली. ती मी नीट हाताळली की नाही हे सांगेल असं इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, पण तुम्हाला मी मराठीतच सांगणार.

पेशंट चिनी होते. माझ्याहून वयाने मोठे, बारीक, ताठ, तिकडे शाळेत गणित शिकवायचे. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आले. आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन उत्तम झालं, गाठ कडेसकट पूर्ण निघाली, कुठे पसरलेलं नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. डॉक्टरांशी बोलायचं तर टॅब्लेटच्या पडद्यावर दुभाषी बाई यायच्या, कानाला हेडफोन लावलेल्या, कुठल्या गावात बसलेल्या कोण जाणे. मुलगी चाळिशीची, सॉफ्टवेअरमध्ये. तिचा मॅनेजर पुण्याचा आहे, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते काही कौतुकाने सांगितलं नाही.

आमच्याकडे दरवर्षी कॉम्प्युटरवर एक ट्रेनिंग असतं, निरनिराळ्या देशांच्या पेशंटचा मान कसा राखावा याचं. त्यात चिनी पेशंटचं एक पान आहे. ऑपरेशननंतर शरीर थंड पडतं असं ते मानतात, म्हणून बर्फाचं पाणी देऊ नका, वाऱ्याच्या झोतात ठेवू नका, डोक्यावरून आंघोळीचा आग्रह धरू नका, चार हा अशुभ म्हणून त्या आकड्याची खोली शक्यतो टाळा, दुखतंय असं ते आपण होऊन सांगत नाहीत. शेवटी प्रश्न, बरोबर उत्तर दिलं की हिरवी खूण. पुढचं पान आपलं आहे. भारतीय माणूस मान आडवी हलवतो तेव्हा त्याला होय म्हणायचं असतं, असं तिथे लिहिलंय. ते वाचल्यापासून आधीच्या पानावरचाही माझा विश्वास उडाला. तरी मी सगळं केलं. बर्फाचा जग उचलला, कोमट पाण्याचा ठेवला, एसीच्या झरोक्याखालचा पलंग सरकवून घेतला, खांद्यावर पांघरूण दिलं. पोट फाडलेल्या माणसाच्या हातात बर्फाचा ग्लास देऊ नये हे कळायला मला ट्रेनिंग लागत नाही. माझी आई जिवंत असती तर तिने या हॉस्पिटलवर खटला भरला असता.

पण मुलगी रोज स्टीलचा रुंद तोंडाचा थर्मास घेऊन यायची, त्याबद्दल त्या ट्रेनिंगमध्ये काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला अडवलं. त्या म्हाताऱ्यांच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन चालू होतं. त्याच्या जोडीला एखादी मुळी पोटात गेली आणि तीही रक्त पातळ करणारी निघाली, तर ताजे टाके आतून वाहायला लागतात. हे काही मनाचे खेळ नव्हेत.

‘यात काय आहे?’

‘सूप.’

‘कसलं?’

‘कोंबडीचं.’

‘त्यात औषधी काही? मुळी, साल, वनस्पती?’

‘नाही. औषध नाही. सूप आहे.’

‘मला वास घेता येईल?’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या वडिलांचे खिसे तपासते आहे. मग झाकण उघडून थर्मास माझ्या नाकाखाली धरला. कोंबडी होती, आलं होतं, आणि त्यांच्या मागे एक तिसरा वास होता. ओव्यासारखा, पण ओवा नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत यायचा त्यातला काहीतरी. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, आईवडील नागपूरचे, जन्म इथला. ड्यूटीवर मला बॉस म्हणते आणि कँटीनमध्ये मावशी. ती मागून कुजबुजली, ‘मावशी, सीरियसली? सूपची इन्क्वायरी?’ मी तिला म्हटलं, ‘तू तुझ्या पेशंटचं इन्सुलिन बघ.’

सूप मी थांबवलं. फार्मसीने पाहिल्याशिवाय नाही, म्हणून. मुलगी थर्मास घेऊन परत गेली. माझी खात्री होती की ती खोटं बोलते आहे. गेल्या महिन्यातच इथल्या आयसेलिन गावच्या, आपल्याकडच्या एका काकूंनी मला शपथेवर सांगितलं होतं की त्या कसलंही औषध घेत नाहीत, आणि संध्याकाळी त्यांच्या सुनेने आणलेल्या डब्यात डिंक, मेथी, सुंठ, हळीव असं अख्खं वाण्याचं दुकान होतं. ‘अगं, ते कुठे औषध आहे? लाडू आहेत ते,’ काकू म्हणाल्या होत्या. आपले लोक असे तर तेही तसेच, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जन राउंडला आले. तरुण आहेत, हात फार चांगला, स्वभाव लाघवी. जखम पाहिली, पोट दाबलं, खूश झाले. पडद्यावर दुभाषी बाई होत्या, मुलगी पायाशी उभी होती. सर्जन हसत म्हणाले, ‘एकदम छान! आता तुम्हाला जे आवडेल ते खा. काहीही खा, कसलंही बंधन नाही!’ आणि पेशंटच्या खांद्यावर थाप मारून पुढच्या खोलीत गेले. दुभाषी बाईंनी ते वाक्य चिनीत सांगितलं. मी माझ्या कागदावर खूण केली: साधं जेवण सुरू. मी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही, कारण पाहण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नाही.

त्या दुपारपासून म्हातारे भिंतीकडे तोंड करून पडले. आदल्या दिवशी ते व्हरांड्यात टोकापर्यंत चालून आले होते, वॉकर ढकलत, दातओठ खात. आता उठायला तयार नाहीत. छाती भरू नये म्हणून श्वास ओढायचं एक प्लास्टिकचं खेळणं देतो आम्ही, आत चेंडू वर चढतात. ते त्यांनी शिस्तीत मोजून केलं होतं, मास्तरच ते. आता हातात घेईनात. जेवणाचा ट्रे जसाच्या तसा परत. दुखतंय का, विचारलं तर नाही. बाई, तुम्हाला सांगायला नको की पोटाच्या ऑपरेशननंतर म्हातारा माणूस पडून राहिला की पुढे काय होतं. आधी छातीत कफ साठतो, मग ताप, मग न्यूमोनिया, आणि उत्तम शिवलेल्या आतड्यासकट माणूस जातो.

मी जे संशय घ्यायचे ते सगळे घेतले. आतून रक्त जातंय का, टाका सुटलाय का, सुपातलं काही बाधलंय का. रक्त तपासलं, पोटाचा स्कॅन करवला. सगळं स्वच्छ. मग मला मुलीचा संशय आला. ती आता वडिलांशी बोलायची नाही, आमच्यावर लक्ष ठेवायची. सलाईनच्या पिशव्यांचे फोटो काढायची. इंजेक्शन दिलं की ‘हे काय? हे का? हे काल का नव्हतं?’ प्रत्येक रिपोर्टची प्रत मागायची आणि मिळाली की विचारायची, ‘एवढेच आहेत? सगळे आहेत?’ माझ्या हाताखालच्या मुलीने मला ऐकवलं, ‘बॉस, शी इज लाइक यू, ओन्ली चायनीज.’

शेवटी मी तिला व्हरांड्याच्या टोकाच्या बसायच्या खोलीत नेलं, जिथे कोल्ड्रिंकचं मशीन घरघरत असतं. दार लावलं. ‘हे बघा,’ मी म्हटलं, ‘तुमचे वडील आज उठले नाहीत तर उद्या आपल्याला त्यांच्या छातीवर उपचार करावे लागतील. त्यांना कुणी काही सांगितलंय का?’

‘तुम्ही सांगितलंत,’ ती म्हणाली.

‘मी?’

‘तुम्ही सगळ्यांनी. आता मलाही सांगा. किती दिवस?’

‘कसले किती दिवस?’

‘नाटक करू नका. मी इंजिनियर आहे, मला आकडे कळतात. सगळे रिपोर्ट चांगले, स्कॅन चांगला, आणि डॉक्टर येऊन हसत हसत सांगतात, काहीही खा. माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं. आमच्याकडे डॉक्टर असं एकदाच सांगतात.’ मग ती रडायला लागली, पण आवाज न करता, आणि मशीनकडे तोंड करून.

बाई, मला तुमचा वॉर्ड दिसला.

दुपार आहे. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. मी तिसऱ्या वर्षाला आहे, हातात एनिमाचा ट्रे आहे. गूळ-बाजारातला एक हमाल, जठराचं ऑपरेशन झालेलं, कोपऱ्यातल्या खाटेवर. मुंबईहून नवीन आलेला शिकाऊ डॉक्टर, हाउसमन, त्याला म्हणतो, ‘काका, आता तुम्ही काहीही खा. काही बंधन नाही.’ बिचारा आनंदाने सांगतो आहे. हमालाची बायको खाटेच्या कडेला डबा उघडत असते, तिचा हात थांबतो. ती डबा पुन्हा लावते. हमाल कूस बदलतो. हाउसमन पुढच्या खाटेवर जातो, त्याला काही कळलेलं नाही, मलाही नाही. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही आहात, तुमची मान वर होते. तुम्ही चालत येता, धावत नाही, पण त्या चपलांचा आवाज आम्ही सगळ्या ओळखतो. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहता आणि अशा आवाजात विचारता की तीन खाटांवरचे लोक उठून बसतात: ‘कोण म्हणालं काहीही खा? डॉक्टर, पथ्य सांगायचं राहिलं तुमचं.’ हाउसमन आ वासून बघतो. ‘हरभऱ्याची डाळ बंद. गवार बंद. दही बंद. घरात लोणच्याची बरणी दिसली तर ती आधी माझ्याकडे आणून द्यायची. ऐकताय ना?’ बायको मान डोलावते. ‘किती दिवस, बाई?’ ‘दिवाळीपर्यंत.’ ‘दिवाळीपर्यंत!’ ती म्हणते आणि तोंडाला पदर लावून हसते, कारण आत्ताच कुठे उन्हाळा सरलाय. हमाल परत या कुशीवर वळतो आणि तक्रार करतो, ‘आणि ताक, बाई? ताकपण नाही?’ ‘ताकाचं नावसुद्धा काढू नका.’

तासाभराने तो चहा मागतो.

मी तुमच्या खोलीत आले होते. मला तुमचा राग आला होता, कारण पोषणाच्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. ‘बाई, दही बंद करायचं कुठल्या पुस्तकात आहे?’ तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. ‘मरणाऱ्याला कुणी डाळ बंद करतं का गं?’ एवढंच. आणि मग, ‘एनिमाचा ट्रे तसाच ठेवून आलीस. जा, धुऊन ये.’ मी ट्रे धुतला आणि मनात नोंद केली की बाई एक तर अडाणी समजुती मानतात, नाही तर पेशंटला बेधडक फसवतात. दोन्हींपैकी काय, याचा संशय मी इतकी वर्षं बाळगला. खरं सांगायचं तर अजून बाळगून आहे.

त्या बसायच्या खोलीत मी मुलीला म्हटलं, ‘तुमचे वडील मरत नाहीयेत. डॉक्टर पथ्य सांगायचे विसरले.’ पथ्य हा शब्द मी मराठीतच बोलले, मग त्याला इंग्रजी शब्द शोधायला लागले. डाएट नव्हे, रिस्ट्रिक्शन नव्हे. मी चाचपडत असताना तीच म्हणाली, ‘जी-खौ?’ त्यांचा शब्द. तोंड आवरणं, असा काहीसा अर्थ तिने सांगितला. ‘दुखणं बरं होईपर्यंत काय काय खायचं नाही ते. डॉक्टर सांगतात. चांगला डॉक्टर जास्त सांगतो.’

‘आमच्याकडेही,’ मी म्हटलं.

‘मग तुमच्या डॉक्टरांनी का नाही सांगितलं?’

‘ते इथलेच आहेत, कनेक्टिकटचे.’

ती हसली नाही, पण नाक पुसलं. आणि आता मी तिला तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. औषध कोणतं, असं विचारलं नाही. म्हटलं, ‘ताकद यावी, रक्त भरून यावं म्हणून सुपात काय घालता?’ तिने ताबडतोब फोनवर फोटो दाखवला. फिकट, चकत्या केलेली मुळी. ही माझ्या आजीची पद्धत, ही सगळेच घालतात, बाळंतपणात मलाही दिली होती. फार्मसीला विचारलं. रक्त पातळ करणारी आहे, इंजेक्शन चालू असेतो नको, असं स्पष्ट उत्तर आलं. म्हणजे माझं नाक बरोबर होतं. ती खोटं बोलली नव्हती, हेही खरं. एकाच थर्मासात दोन्ही.

सर्जन अवघड निघाले. ‘तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय,’ ते म्हणाले. इथे ही गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत, लायसन्सवर येते, माझ्याही.

‘खोटं एकही वाक्य नको. कच्च्या भाज्या तुम्ही आता द्याल?’

‘थोड्या बेताने.’

‘मका? बिया? शेंगदाणे?’

‘बेताने.’

‘बेताने म्हणू नका. नाही म्हणा. किती आठवडे ते सांगा. जड उचलायचं नाही हेही सांगा. आणि ती मुळी बंद, हे तर तुम्हाला सांगायलाच हवं.’

‘हे सगळं घरी जाताना देतो त्या पॅकेटमध्ये छापलेलं आहे.’

‘पॅकेट नको, तोंड हवं. बसून सांगा, उभ्याने नको. आणि कृपा करून हसू नका.’

त्यांनी खिशातून पेन काढलं. ‘तुमच्याकडच्या सगळ्या नर्स अशाच असतात का?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘मला शिकवलं त्या माझ्याहून वाईट होत्या.’

दुपारी ते आले आणि खुर्ची ओढून बसले. कपाळाला आठ्या घालायचा त्यांना सराव नाही, दात दुखत असल्यासारखं दिसत होतं, पण चाललं. पडद्यावर दुभाषी बाई. भिंतीकडे तोंड केलेली पाठ आमच्या बाजूला. कच्च्या भाज्या बंद, सर्जन म्हणाले. दुभाषी बाईंनी सांगितलं. मका बंद, शेंगदाणे बंद, बिया बंद. पाठ हलली नाही. जड काही उचलायचं नाही, तांदळाची पिशवीसुद्धा नाही. आणि ती मुळी इंजेक्शन चालू आहे तोवर पूर्ण बंद, एक चकतीसुद्धा चालणार नाही. सूप द्या, जरूर द्या, पण मुळीशिवाय. ‘मी तुम्हाला क्लिनिकमध्ये पुन्हा तपासेन, तोपर्यंत. तेव्हा एकेक गोष्ट पुन्हा सुरू करू.’

‘तेव्हा’ हे चिनीत ऐकल्यावर म्हातारे या कुशीवर वळले. सावकाश, पोटावर हात धरून. सर्जनच्या तोंडाकडे त्यांनी असं बघितलं, जसं पाठांतर करून आलेल्या मुलाकडे मास्तर बघतात: हा खरंच शिकलाय की घोकून आलाय? मग त्यांनी एक प्रश्न विचारला. दुभाषी बाई म्हणाल्या, ‘ते विचारतात, हंस?’

‘हंस?’ सर्जन म्हणाले.

‘हंसाचं मांस. बदकाचा मोठा भाऊ. जखम चाळवतं म्हणतात,’ दुभाषी बाईंनी उलगडून सांगितलं.

सर्जन हसणार होते, मी त्यांच्या पायावर माझा पाय ठेवला. ‘हंस नको,’ ते म्हणाले. न्यू जर्सीत हंस कोण खातो देव जाणे. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

‘कोळंबी?’

‘नको,’ सर्जन म्हणाले. आता त्यांना लय सापडली होती.

‘बर्फाचं पाणी?’

‘अजिबात नको.’

म्हाताऱ्यांनी मान डोलावली, उभी, माझ्या ट्रेनिंगच्या कुठल्याही पानाची गरज नसलेली. मग त्यांनी शेवटचा शब्द उच्चारला, आणि पडद्यावरच्या बाई काही म्हणायच्या आत मुलीनेच तो इंग्रजीत सांगितला: वांगं?

सर्जननी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून निघालं, ‘छे! वांगं मुळीच नाही.’ मराठीत. खोलीत तो शब्द कुणालाही कळला नाही आणि सगळ्यांना कळला. म्हातारे माझ्याकडे वळून बघत राहिले; त्या माणसाने चार दिवसांत माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग मुलीला काहीतरी म्हणाले. ती खाली वाकून पलंगाखालच्या सपाता काढायला लागली.

व्हरांड्यात सर्जन मला म्हणाले, ‘वांग्याचं काय आहे? कुठे रिसर्च पेपर वगैरे आलाय?’ मी म्हटलं, ‘वांग्यावर भारत आणि चीनचं एकमत आहे. बाकी कशावर नाही. तुम्ही मध्ये पडू नका.’ माझ्या हाताखालच्या त्या मुलीने दारातून सगळं ऐकलं होतं. ‘मावशी, यू मेड दॅट अप!’ ड्यूटीवर मावशी म्हणाली म्हणून मी तिला झापलं.

म्हातारे त्या दिवशी दारापर्यंत चालले, दुसऱ्या दिवशी टोकापर्यंत, आणि पुढच्या आठवड्यात घरी गेले. पथ्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही. त्याच रात्री त्यांचं आतडं जागं झालं, वारा सरला. तो तसाही सरला असता. वळले ते पोट बरं वाटलं म्हणून की ‘तेव्हा’ हा शब्द ऐकून, हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि जे सिद्ध होत नाही त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला संशय येतो. माझ्या मॅनेजर बाईंनी मात्र वाजवल्या. ही गोष्ट पुढच्या वर्षीच्या ट्रेनिंगमध्ये घालू या म्हणाल्या: चिनी पेशंटला पथ्य सांगावं. मी ठाम नाही म्हटलं. उद्या कुणी तरी प्रत्येक चिनी दिसणाऱ्या माणसाला, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जन्मलेल्या वकिलालासुद्धा, हंस खाऊ नका म्हणून सांगेल आणि हिरवी खूण मिळवेल. त्यापेक्षा विचारा, मी म्हटलं. आणि विचारताना पेशंटच्या भाषेतला प्रश्न विचारा. त्यांनी ते लिहून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही की कळलं.

हा कागद मी आता स्वयंपाकघराच्या टेबलावरून उचलून श्रेडरमध्ये घालणार आहे. पेशंटबद्दल लिहिलेलं काहीही घरी ठेवायची इथे परवानगी नाही, नाव नसलं तरी. त्यामुळे तुम्हाला हे कधी मिळणार नाही, आणि तुम्ही अडाणी होतात की फसवत होतात हे मला कधी कळणार नाही. एक मात्र सांगते, कारण हे इथे कुणाला सांगण्यासारखं नाही. दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं. माझे सर्जनही हसून म्हणाले होते, काहीही खा. मला सगळं पुस्तकातलं माहीत होतं, मी मानही डोलावली. आणि मग टाके पूर्ण भरेपर्यंत मी घरात वांगं आणलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं.